सायकलवर अरे, जमिनीवर अहो

शेवंतीला रस्त्यात कुठेही उभी सायकल दिसली, की ती आधी तिचं मागचं चाक उचलायची आणि हाताने गरकन फिरवायची. सायकल कुणाची, मालक कुठे, हे सगळं नंतर. चाक फिरत असताना एक डोळा बारीक करून ती रिंग आणि मडगार्डच्या मधल्या फटीकडे बघत राहायची. मग निकाल द्यायची, "आऊट आहे." लग्नाला गेलो तरी मांडवाच्या बाहेर हेच. एकदा मरोळ नाक्यावर तिने एका हवालदाराच्या सायकलचं चाक असंच उचललं. तो चहा टाकून धावत आला.

"ए बाई, काय करतेस?"

"साहेब, तुमची सायकल लंगडतेय. चोर कसे पकडणार?"

त्याने तिथेच उभं राहून तिच्याकडून चाक सरळ करून घेतलं. वर चहा पाजला. मला नाही, तिला.

शेवंती माझी बायको. तिला जाऊन चौदा महिने झाले. मी चौथी शिकलेला माणूस, साकीनाक्याला पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या वर्कशॉपमध्ये माझा जन्म गेला. लिहायची सवय नाही. पण भेटायला येणारे लोक ती कशी होती ते मलाच सांगतात आणि चुकीचं सांगतात. "फार सोशिक हो बिचारी." सोशिकबिशिक काही नव्हती. बिचारी तर अजिबात नव्हती. म्हणून लिहायला बसलो. शुद्धलेखन चुकलं तर चुकलं. ते तपासणारी तीच होती.

तिच्या वडिलांचं नाहूर स्टेशनजवळ तासावर सायकली भाड्याने द्यायचं दुकान होतं. मुलगा नव्हता, तीन मुलीच. मोठ्या दोघी घरात रमल्या, ही दुकानात. शाळा सातवीपर्यंत. "सातवी पास आणि पंक्चर पास," असं स्वतःच सांगायची. मी तिला बघायला गेलो तेव्हा पोहे घेऊन आलेल्या मुलीच्या नखांत ग्रीस होतं. माझ्या मामाने ते बघून तोंड वाकडं केलं. मला बरं वाटलं, कारण माझ्याही नखांत तेच होतं.

आऊट म्हणजे चाक फिरताना डावी-उजवीकडे वळवळतं ते. ते सरळ करायला स्पोक आवळावे लागतात, सैल करावे लागतात. त्याला आऊट काढणं म्हणतात. शेवंतीचं म्हणणं असं, की अडाणी कारागीर ढिला दिसला तो स्पोक आवळत सुटतो आणि शेवटी रिंगच वाकवून ठेवतो. "ढिल्याला कशाला पिळायचं? समोरचा कुणीतरी त्याला जास्त ओढत असतो. आधी समोरचा अर्धा आटा सैल करायचा." हे ती सायकलबद्दल म्हणायची आणि माणसांना लावायची. आमच्या चाळीत एका घरी सासू-सुनेचं रोज वाजायचं. सगळ्या बायका सुनेला समजावत होत्या, ऐकून घे, सांभाळून घे. शेवंती सुनेशी एक शब्द बोलली नाही. ती दर शनिवारी सासूला घेऊन बाजारात जायला लागली. जाताना वडापाव, येताना देऊळ. दोन महिन्यांत त्या घरातले आवाज बंद झाले. मी विचारलं, "काय केलंस गं?" म्हणाली, "काही नाही. अर्धा आटा."

दुसरी तिची खोड म्हणजे ट्यूबचे रबर. फाटकी ट्यूब कधी फेकली नाही. कात्रीने तिच्या बारीक चकत्या पाडायची आणि त्या काळ्या रबरांनी आमचं सगळं घर बांधलेलं असायचं. डाळीची पुडी, लोणच्याच्या बरणीवरचा कपडा, आमच्या मुलीची, नंदाची पुस्तकं, माझा डबा, स्वतःची वेणीसुद्धा. वर्कशॉपमध्ये डबा उघडला की आधी रबराचा वास यायचा, मग भाजीचा. लोक हसायचे. आता माझ्या डब्याला वास नाही.

आता मूळ गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय ती बाई कळणार नाही.

पंचाऐंशीच्या आसपास असेल. पॉवर प्रेसवर माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळचं पहिलं आणि मधलं. पहिलं अर्धं राहिलं, मधलं मुळापासून गेलं. चूक माझीच, लक्ष नव्हतं. शेठ माणूस वाईट नव्हता. जखम भरल्यावर घरी येऊन म्हणाला, "दत्ताराम, ये परत. मशीन नको, चहा आण, हिशोबाचे कागद इकडे तिकडे ने, पगार चालू ठेवतो." मी मान हलवली आणि गेलो नाही. सात महिने गेलो नाही. हात पँटच्या खिशात आणि तोंड भिंतीकडे. बाहेर गेलो तर कुणीतरी "बघू" म्हणणार, म्हणून बाहेर जाणं बंद. जेवताना नंदा माझ्या हाताकडे बघायची, म्हणून तिच्याबरोबर जेवणं बंद. मग बोलणंच बंद झालं. मी काही पिणारा माणूस नव्हतो. पण पिणारा बरा, निदान बडबडतो तरी.

शेवंतीने काय केलं? एक लाकडी पेटी, पाण्याची परात आणि पंप घेऊन ती मरोळ नाक्याच्या झाडाखाली पंक्चर काढायला बसली. त्या काळी बाई पंक्चर काढते म्हणजे तमाशाच. लोक पंक्चर नसताना यायचे. ती म्हणायची, "हवा ठीक आहे. डोक्यात भरू का?" दुसऱ्या आठवड्यापासून नुसते बघणारे कमी झाले आणि सायकली वाढल्या.

घरी येऊन मला एका शब्दाने म्हणाली नाही की कामावर जा. माझा भाऊ म्हणाला, शेठ म्हणाला, सासरे म्हणाले, सगळ्यांनी मला आवळून बघितलं. ती नाही. एक दिवस चहा देता देता म्हणाली,

"अहो, आईंना भेटून येऊया का?"

आई म्हणजे माझी आई. आमचं गाव कणकवलीच्या पुढे.

मी म्हटलं, "एसटीची गर्दी मला नको."

"एसटीने कोण म्हणतंय? सायकलने."

मला वाटलं उन्हात बसून बसून हिचं डोकं फिरलं. पण ती तयारीला लागलीसुद्धा. तिच्याकडे वडिलांच्या दुकानातली जुनी लेडीज सायकल होती. मला सायकल दिली आमच्या शेजारच्या बस्त्यांवने. बस्त्यांव मरोळ गावठाणातला जुना माणूस, स्वतःची भाजीची वाडी होती. त्याची सायकल म्हणजे बैल होता, दोन पोती भाजी वाहणारी. तो सायकल आणून उभी करत म्हणाला,

"शेवंती, एसटी बंद पडली काय गं? चारशेच्या वर किलोमीटर आहे. नवऱ्याला मारायचं असेल तर विहीर जवळ आहे."

मी आतल्या खोलीत होतो. तिला वाटलं मला ऐकू येत नाही. ती हळू म्हणाली, "बस्त्यांवभाऊ, एसटीत हा माणूस खिडकीशी हात खिशात घालून बसेल. सायकलवर हात खिशात घालता येत नाही."

बस्त्यांवने सायकल भिंतीला लावली आणि गेला. संध्याकाळी सुक्या बोंबलाची पुडी आणून दिली, वाटेत भाजून खा म्हणून.

माझा उजवा हात ब्रेक धरू शकत नव्हता. मी म्हटलं, दोन्ही ब्रेक डाव्या बाजूला घे, तुला येतं ते. ती म्हणाली, येतं, पण घेणार नाही. उजव्या ब्रेकच्या दांडीवर तिने ट्यूबची पट्टी गुंडाळत गुंडाळत ती जाड केली, माझ्या थोट्या बोटाला पोचेल एवढी. "उजव्या हाताला काम राहू दे," म्हणाली. नंदाला नाहूरला आजीकडे ठेवलं आणि माघ महिन्यात एका सोमवारी सकाळी आम्ही निघालो. साकीनाका, घाटकोपर, मानखुर्द, खाडीचा पूल. ती पाचवारी साडीत, निऱ्या वर खोचून पोटऱ्यांवर ट्यूबच्या रबरांनी बांधलेल्या. घाटकोपरला एक जण ओरडला, "ओ वहिनी, सर्कस कुठे लागलीय?" ती मागे न बघता म्हणाली, "कणकवलीला. ये, विदूषक कमी आहे."

पनवेलला पोचेपर्यंत माझी वाट लागली. सात महिने बसलेला माणूस. मांड्या पेटल्या होत्या. मी सायकल रस्त्याच्या कडेला आडवी टाकली आणि म्हटलं, मी परत जातो.

"जा ना," ती म्हणाली. "पण पेण जवळच आहे. पेणपर्यंत या आणि मग जा. तिथून एसटी सुटते."

"किती आहे पेण?"

"बघते." ती निघालीच. मी सायकल उचलून मागे लागलो आणि पुढच्या मैलाच्या दगडाशी सायकल हळू करून तिने वाचलं, "सतरा."

इथे एक सांगायला पाहिजे. मला वाचता येतं, पण अक्षर अक्षर लावून. बोटाखाली धरून वाचायची मला शाळेतली सवय. सायकलवरून 'पे' लागेपर्यंत 'ण' मागे जायचा आणि आकडा तर दिसायचाच नाही. ती एका नजरेत वाचायची. म्हणून पहिल्या दिवसापासून दगड तिने वाचायचे असं ठरलं. मी दर थोड्या वेळाने विचारायचो, किती राहिले? आणि ती म्हणायची, "दगड मी वाचते. तुम्ही पायडल मारा. बारा." मग नऊ. मग सहा. त्या सहाला आमची कंबर मोडायची. मला वाटायचं सरकारने कोकणातले किलोमीटर मोठे केलेत.

पेणला एसटी होती. मी परत गेलो नाही. एवढं आलोय तर नागोठणं बघू म्हटलं. ती दुसरीकडे बघत होती.

माणगावच्या अलीकडे एका गावात गंमत झाली. त्या वर्षांत सायकलवरून देशभर हिंडणारे बरेच असायचे, पुढे पाटी लावून, एकता, शांती, असलं काय काय. आम्ही चहाला थांबलो तर लोक जमले. कसला प्रचार? ती म्हणाली, "प्रचार कसला, सासूला भेटायला चाललोय." कुणाचा विश्वास बसेना. मुलं किती, म्हणून विचारलं. एकच मुलगी, म्हटल्यावर एक मास्तर खूश झाले. "अच्छा! कुटुंब नियोजन!" पाच मिनिटांत आम्हाला शाळेच्या ओट्यावर बसवलं, गळ्यात झेंडूचे हार. सरपंच म्हणाले, "ताई, दोन शब्द बोला." मी घामाघूम. हात मांडीखाली घेऊन बसलो. ती उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली,

"मी सातवी शिकलेली बाई. मला एकच माहीत आहे. ट्यूबमध्ये मावेल तेवढीच हवा भरावी. जास्त भरली की आपल्यालाच ढकलत न्यावं लागतं."

काय टाळ्या! मास्तरांनी ते वाक्य फळ्यावर लिहून घेतलं. आम्हाला शाळेत झोपायला जागा मिळाली, पिठलं-भाकरी मिळाली. अंथरुणावर पडल्यावर मी हसलो. आवाज करून हसलो. सात महिन्यांनी. ती तिकडे तोंड करून पडली होती, पण तिची पाठ हलत होती.

मग पोलादपूर सोडलं आणि कशेडीचा घाट आला. चढ आम्ही सायकली हाताने ढकलत चढलो. माथ्यावर बोंबील भाजून खाल्ले. ती म्हणाली, उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत जायचं, मी मागे राहते. मी हो म्हटलं. पण मी आतापर्यंत उजवा ब्रेक धरलाच नव्हता. नुसता हात त्याच्यावर ठेवायचो आणि काम डाव्याने करायचो. सपाटीला चालून गेलं. मला त्या हाताची भीती बसली होती. खरं सांगायचं तर तो हात माझा वाटतच नव्हता.

दुसऱ्या वळणाला डावा ब्रेक पुरेना. बस्त्यांवचा बैल सुटला. समोरून भरलेला ट्रक हॉर्न मारत वर येत होता, डावीकडे दगडांची बुटकी भिंत, पलीकडे काही नाही. माझं डोकं बंद पडलं. आणि मागून आवाज आला, असा आवाज मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता.

"दत्ताराम! उजवा दाब! अरे, उजवा दाब!"

दाबला. अर्ध्या बोटाने, अंगठ्याने, उरलेल्या दोन बोटांनी, सगळ्याने दाबला. ब्रेक किंचाळले, सायकल हलली डुलली आणि भिंतीपासून हातभरावर थांबली. ट्रकवाला शिव्या देत गेला. मी एक पाय टेकून उभा होतो आणि माझ्या हाताकडे बघत होतो. ट्यूबच्या पट्टीत ते थोटं बोट रुतलं होतं. दुखत होतं. सात महिन्यांत पहिल्यांदा ते माझं दुखत होतं.

शेवंती येऊन पोचली. सायकल टाकली, माझ्याकडे बघितलं आणि एकदम जीभ चावली.

"अगं बाई! नाव घेतलं मी तुमचं!"

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घ्यायचं तर उखाण्यात. माझ्या आईने माझ्या बापाचं नाव मरेपर्यंत उच्चारलं नाही. रेशनकार्डवाल्याला सांगायला ती शेजारणीला न्यायची.

मी म्हटलं, "घेतलंस तर घेतलंस. नसतं घेतलंस तर आता दरीत बसून उखाणा घ्यावा लागला असता."

ती हसायला लागली ती भिंतीवर बसून हसत राहिली. हसता हसता रडली. मी पहिल्यांदा तो हात तिच्या पाठीवर ठेवला.

त्या वळणापासून ती सायकलवर असली की मला अरे म्हणायला लागली. अरे, डावीकडे घे. अरे, पाणी पी. दत्ताराम, बैलगाडी बघ. आणि पाय जमिनीला लागला की लगेच अहो. चहाच्या टपरीवर अहो, सीटवर बसली की अरे. मी म्हटलं, "हे काय गं?" म्हणाली, "सायकलवर अहो म्हणायला वेळ नसतो." मला ते आवडलं होतं. सांगितलं नाही. तेव्हा असलं सांगत नसत.

चिपळूण, संगमेश्वर, लांजा. मी आता रोज चालवत होतो आणि रोज विचारत होतो. किती राहिले? "दगड मी वाचते, तू पायडल मार. अकरा." हे राजापूरच्या अलीकडे. थोडं पुढे गेल्यावर तिला पाणी हवं होतं, खाली एक घर दिसत होतं, तिकडे कळशी मागायला गेली. मी सावली बघून बसलो ती नेमकी एका दगडाची. नुकताच रंगवलेला, चुना पुरता वाळलाही नव्हता. काही काम नव्हतं म्हणून मी ते थोटं बोट अक्षरांखाली धरून वाचायला लागलो. रा… जा… पू… र. आणि खाली एकोणीस.

मी परत वाचलं. एकोणीसच.

मागच्या दगडाला अकरा, आणि पुढे आल्यावर एकोणीस. मला वाटलं रंगाऱ्याने चुकवलं. मग बसल्या बसल्या पेणचे सतरा आठवले, महाडचे नऊ आठवले, संगमेश्वरला संपता न संपणारे पाच आठवले. मुंबईपासून ही बाई दगड खात आली होती. प्रत्येक दगडाचा घास घेतला होता हिने.

आधी राग आला. मला काय पोर समजते काय? मग विचार केला की पनवेलला हिने खरा आकडा सांगितला असता तर मी कुठे असतो. भिंतीकडे तोंड करून असतो. बोट पँटला पुसलं. ती पाणी घेऊन वर आली. मी विचारलं, "शेवंती, किती राहिले गं?"

तिने दगडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"दहा."

"झकास. चल."

पुढे गावापर्यंत मी विचारत राहिलो आणि ती सांगत राहिली.

दहाव्या दिवशी पोचलो. आई अंगणात शेणी थापत होती. बघतच राहिली. "गो शेवंता, मुंबैसून सायकलीर इलात? खुळी काय गो तुमी?" मग तिने माझा हात बघितला. तिला बोटांचं कळवलं होतं, पण मी दाखवायला गेलो नव्हतो. तिने शेणाच्या हातांनीच तो धरला, उलटा केला, सुलटा केला. मी ओढून घेतला नाही. संध्याकाळी वाडीतली माणसं जमली तेव्हा मी सगळ्यांना कशेडीचं वळण सांगितलं, हात वर करून, हे बोट असं दाबलं म्हणून. शेवंती चुलीपाशी होती. मी घाटात एकटाच होतो अशा थाटात सांगत होतो. तिने एकदाही मधे तोंड घातलं नाही.

येताना सायकली एसटीच्या टपावर टाकून आलो. पुढच्या सोमवारी मी साकीनाक्याला गेलो. शेठ म्हणाला, "बस, चहा आण." मी म्हटलं, "चहा दुसरा कुणी आणेल. मला प्रेसवर उभा करा." पहिला ठोका मारताना घामाने पाठ भिजली. कानात तेच, अरे, उजवा दाब. त्यानंतर बावीस वर्षं काम केलं त्याच हाताने. नंदाचं शिक्षण झालं, लग्न झालं. हे सगळं त्या दहा दिवसांवर उभं आहे. मला हे तिला कधी नीट सांगता आलं नाही. एकदा गणपतीत प्रयत्न केला, तर म्हणाली, "अहो, मोदक गार होतायत."

पंक्चरची पेटी तिने ठेवली ती ठेवलीच. रविवारी आम्ही सायकलने नाहूरला जायचो. तेवढा वेळ अरे. मला एक कळलं होतं. घरात अहो म्हणून जे बोलायची ते निम्मं असायचं. सायकलवर पुरं बोलायची. म्हणून घरात काही बिनसलं की मी सायकली बाहेर काढायचो. "चल, चक्कर मारू." चाळीतल्यांना वाटायचं काय हौस. मला तिच्या तोंडून खरं ऐकायचं असायचं. "दत्ताराम, नंदाला तू उगाच बोललास." असं. ते ऐकून परत यायचो, पाय टेकला की, "अहो, चहा टाकू?"

पुढे रस्ते भरले, तिचे गुडघे गेले, सायकली भिंतीला लागल्या. अरे ऐकून बरीच वर्षं झाली होती.

गेल्याच्या गेल्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, दवाखान्यात ठेवलं. सगळे कागद तिने एका फाईलमध्ये घालून ट्यूबचं रबर लावलं होतं. एक दिवस डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. चांगले होते, नीट सांगितलं. दिवस मोजायचे म्हणाले. मी तोंड धुतलं आणि आत गेलो. दुपारची भेटायची वेळ होती.

"काय हो म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही. अशक्तपणा आहे. पावसाळा संपला की हिंडायला लागशील म्हणाले."

तिने एक डोळा बारीक केला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, चाकाकडे बघायची तशी. मग म्हणाली,

"दत्ताराम."

खाटेवर होती. सायकलवर नव्हती.

"राजापूरच्या अलीकडे तुझ्या थोट्या बोटाला चुना लागला होता. पँटलापण."

"तुला तेव्हाच कळलं?"

"मग? चुना लपतो काय? आणि तरी तू विचारत राहिलास, किती राहिले, किती राहिले."

"ऐकायला बरं वाटायचं."

"मग मलापण बरं वाटतंय." तिने डोळे मिटले. "परत सांग. पावसाळा संपला की काय?"

मी परत सांगितलं. नाहूरला जाऊ, सायकलींना नव्या ट्यूब टाकू, घाटकोपरला त्या ओरडणाऱ्याला शोधू. ती हं हं करत होती. मी म्हटलं, "या वेळी दगड मी वाचतो."

"तुला काय जमणार? तू अक्षर लावेपर्यंत दगड मागे."

वेळ संपल्याची घंटा झाली. एक आयाबाई औषधांची ढकलगाडी घेऊन आली, खडखड करत. मी दारापर्यंत गेलो आणि मागे वळून बघितलं. शेवंतीने मान उचलली होती, एक डोळा बारीक, ढकलगाडीच्या खालच्या चाकाकडे बोट.

"बाई गं, तुझं मागचं चाक आऊट आहे."

आयाबाई हसली. मग शेवंतीचं लक्ष माझ्याकडे गेलं. ते बोट तसंच तिने माझ्याकडे वळवलं.

"अरे, उभा काय राहिलास? दगड मी वाचते. तू पायडल मार."

पहाटे फोन आला.

मी मारतोय. किती राहिले, ते मात्र आता कुणी कमी करून सांगत नाही.